उमाळ्याभोवतीचं आळं

ओरेस्ते बेर्गांतिनचा पुराचा तास ऐकायला दुसऱ्या वर्गांतली मुलंसुद्धा येऊन बसायची. रसायनवाले यायचे, वास्तुशास्त्रवाले यायचे, आणि एकदा तर खालचा कॉफीवाला एप्रन न काढताच दाराशी उभा राहिला होता. विद्यापीठ तंत्रशिक्षणाचं, विषय नदीचे बांध. म्हणजे माती, वाळू, पाण्याचा दाब आणि फळाभर आकडेमोड. पण नोव्हेंबर लागला की एक दिवस ओरेस्ते खडू खाली ठेवायचा, कोट काढून खुर्चीवर टाकायचा आणि पो नदीबद्दल बोलायला लागायचा.

त्याचा बाप पोच्या बांधावर राखणदार होता. सरकारी सायकल, सरकारी कंदील आणि सात किलोमीटरचा बांध, एवढं त्याचं राज्य. त्यामुळे ओरेस्तेचं नदीचं ज्ञान पुस्तकातून आलेलं नव्हतं, बापाच्या पाठीमागे सायकलवर बसून आलेलं होतं.

"बांधावरून पाणी येतं ते दिसतं," तो मुलांना सांगायचा. "आंधळ्यालाही दिसतं. घाबरायचं ते बांधाखालून येणाऱ्या पाण्याला. नदी चढते, तिचा भार वाळूतून पलीकडे जातो, आणि मग कुठेतरी कोबीच्या वाफ्यात, कोंबड्यांच्या खुराड्यामागे, जमिनीला ओठ फुटल्यासारखे होतात आणि गढूळ पाणी उसळायला लागतं. आमच्याकडे त्याला फोंतानाझ्झो म्हणतात. उमाळा. आता सांगा, उमाळा दिसला तर काय कराल?"

कोणीतरी म्हणायचंच, बुजवू. ओरेस्ते त्याचीच वाट बघत असायचा.

"बुजवशील? रडणाऱ्या माणसाचं तोंड दाबतोस का तू? दाबलंस तर काय होतं? तो दुसरीकडून फुटतो, आणि पहिल्यापेक्षा जोरात फुटतो. उमाळ्याच्या तोंडाला हात लावायचा नाही. त्याच्याभोवती पोत्यांचं आळं घालायचं. गोल. पाणी त्या आळ्यात चढू द्यायचं. चढत चढत ते स्वतःच्याच वजनाने शांत होतं. उमाळ्याला दोन गोष्टी लागतात. कडेने आधार, आणि वेळ."

हे सांगताना तो दोन्ही हातांनी हवेत एक मोठं आळं घालायचा, आणि शंभर डोळे त्या हातांबरोबर फिरायचे. वीस-वीस वर्षांनी भेटणारे जुने विद्यार्थी सगळी समीकरणं विसरलेले असत, पण ते आळं कोणी विसरलेलं नसे.

मग एका वसंतात विद्यापीठाने ठरवलं की वरच्या वर्गांचं सगळं शिक्षण यापुढे इंग्रजीतून होईल. पुढच्या शरद ऋतूपासून.

विभागाची बैठक झाली. विभागप्रमुख कोर्रादो व्हेनिएर ओरेस्तेपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पाच वर्षं परदेशात राहून आलेला. हुशार होता आणि मनाने वाईट नव्हता. त्याने तक्ते दाखवले. बाहेरची किती मुलं येतील, आपली किती मुलं बाहेर नोकरीला लागतील, जगातल्या विद्यापीठांच्या यादीत आपण किती पायऱ्या चढू. ओरेस्ते एवढंच म्हणाला, की ज्या मुलांना या नदीच्या बांधावर काम करायचंय त्यांनी इथल्या माणसांशी कोणत्या भाषेत बोलायचं?

"बोलतील की इटालियनमध्ये, ती काय कुठे पळून जातेय?" व्हेनिएर म्हणाला. "पण ओरेस्ते, खरं सांग, जगाच्या पाठीवर आपली भाषा लागते कोणाला? गाणं शिकणाऱ्यांना आणि प्रेमात पडलेल्यांना. बांध घालणाऱ्यांना नाही."

लोक हसले. ओरेस्तेही हसला. घरी गेल्यावर त्याला त्या हसण्याची लाज वाटली.

ब्रुना नावाची त्याची एक जुनी सहकारी होती. तिने सरळ सांगितलं, मी माझ्याच भाषेत शिकवीन, जमत नसेल तर राहू द्या. तिला पहिल्या वर्षाच्या मुलांना इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवायला पाठवलं. ती गेली, आणि मान ताठ ठेवून गेली. ओरेस्तेलाही तसं करता आलं असतं. बायको, लिदिया, त्याला तेच सांगत होती, की चार-पाच वर्षं राहिली आहेत, कशाला जिवाचे हाल करून घेतोस? पण ओरेस्तेच्या मनात आलं, आपण सोडलं तर हा विषय जाईल कोणाकडे? ज्याच्या बुटाला कधी बांधाचा चिखल लागलेला नाही अशा एखाद्याकडे. त्यापेक्षा मोडकंतोडकं का होईना, आपणच शिकवावं.

हा त्याचा हिशोब होता. पुढे त्याने हा हिशोब हजारदा मनात उलटून पाहिला, आणि दर वेळी त्यात त्याला प्रेम कमी आणि गर्व जास्त दिसला.

विद्यापीठाने मोठ्या वयाच्या प्राध्यापकांसाठी चाळीस तासांचा इंग्रजीचा वर्ग काढला. शिकवायला एक आयरिश मुलगी होती, ओरेस्तेच्या पुतणीच्या वयाची. साठीला आलेले आठ पुरुष तिच्यासमोर ओळीने बसून सुट्टीत आपण कुठे गेलो होतो ते सांगायचे. ओरेस्तेला इंग्रजी वाचता यायचं, उभा जन्म त्याने त्या भाषेतले अहवाल वाचले होते. पण वाचणं वेगळं आणि बोलणं वेगळं. तोंड उघडलं की त्याची जीभ ओल्या पोत्यासारखी जड व्हायची. शब्द यायचे, पण अनोळखी पाहुण्यांसारखे. आत येऊन कोपऱ्यात उभे राहायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत.

शेवटी त्याने शाळकरी पोराचा मार्ग धरला. प्रत्येक तास आधी इटालियनमध्ये लिहून काढायचा, पुतणीकडून त्याचं इंग्रजी करून घ्यायचं आणि ते पाठ करायचं. पहाटे स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत तो घोकायचा, आणि लिदिया कॉफी करताना त्याच्याकडे बघायचं टाळायची. वर्गात तो खिडकीकडे बघून पाठ म्हणून दाखवायचा. मध्ये कोणी काही विचारलं की धागा तुटायचा, म्हणून त्याने प्रश्न शेवटी विचारा असं सांगितलं, आणि शेवटी कधी वेळ उरू दिला नाही.

मुलं वर बघेनाशी झाली. पूर्वी त्याच्या तासाला माना वर असत. आता सगळ्या माना खाली, सगळी बोटं कळफलकावर. पाठ केलेलं बोलणं ऐकायचं नसतं, उतरवून घ्यायचं असतं, हे मुलांना न सांगता कळलं होतं. कोणीतरी त्याच्या उच्चारांची एक चित्रफीत केली आणि ती आठवडाभर सगळीकडे फिरली. ओरेस्तेने ती पाहिली. चांगली केली होती. तो असाच बोलायचा.

त्या पहिल्या वर्षी त्याच्या वर्गात इलारिया पेगोरारो नावाची मुलगी होती. पोच्या काठचीच, पण गावातली नव्हे, शहरातली. बाप दंतवैद्य. पोरगी अभ्यासू, अक्षर छापल्यासारखं. सगळे यंत्रावर लिहीत असताना ती वहीत लिहायची.

नोव्हेंबरात पुराचा तास आला. हा तास पाठ करायचा नाही असं ओरेस्तेने ठरवलं होतं. हा आपला तास आहे, एवढा तरी आपल्याला बोलता येईल. त्याने खडू ठेवला, कोट काढला, आणि सुरुवात केली. बापापर्यंत आला, सायकलपर्यंत आला, तोपर्यंत त्याला घाम फुटला होता. रडणाऱ्या माणसाची गोष्ट त्याने सोडून दिली, ती काही केल्या जुळेना. मग उमाळ्यावर काय करायचं ते आलं. इटालियनमध्ये तो म्हणायचा, त्याला गोलात बंद करा, आळ्यात घ्या. आळ्याला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याने आदल्या दिवशी वाचलं होतं. तो शब्द आठवेना. भर वर्गात तो उभा राहिला आणि शब्द आठवेना. शेवटी जो हाताशी होता तो त्याने घेतला.

"क्लोज," तो म्हणाला. बंद करा. "पोत्यांनी. ताबडतोब." आणि दोन्ही हातांनी हवेत एक मोठं आळं घातलं.

कोणी वर पाहिलं नाही.

इलारियाने हात वर केला आणि भरभर इंग्रजीत काहीतरी विचारलं. पूर्ण वाक्यातला त्याला एकच शब्द कळला, कारण तो दोन्ही भाषांत जवळजवळ सारखा आहे. पूर्णपणे. आळं पूर्ण गोल करायचं का, असं ती विचारत असणार असं त्याने धरलं. पुन्हा विचार, असं म्हणायचा त्याला धीर झाला नाही. गेल्या महिन्यात तसं म्हटल्यावर मागचा बाक हसला होता.

"येस," तो म्हणाला. "पूर्णपणे."

तिने ते लिहून घेतलं. तास संपला.

त्यानंतर चार वर्षं गेली. इलारिया पहिल्या श्रेणीत पास झाली आणि नदीच्या कामाच्या खात्यात लागली. ओरेस्ते दर वर्षी तेच पाठ म्हणत राहिला. दुसऱ्या वर्षापासून त्याने पुराच्या गोष्टीचा तास बंदच केला आणि त्या जागी तयार तक्ते दाखवायला लागला. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस लागला तो अकरा दिवस उघडला नाही. पो चढली. कोर्ते वेक्या नावाचं एक छोटं गाव आहे, तीस-चाळीस घरं, एक चर्च, एक चहाकॉफीचं दुकान आणि मागे बांध. त्या भागाची जबाबदारी इलारियाकडे होती. बाराव्या दिवशी सकाळी तिथे बांधाच्या गावाकडच्या बाजूला, मक्याच्या शेतात उमाळा फुटला. दुपारी दोन वाजता बांध गेला.

गाव आधीच रिकामं केलं होतं म्हणून जीवितहानी झाली नाही, असं रेडिओवर सांगितलं. तासाभराने त्यांनी ते दुरुस्त केलं. एक माणूस गेला होता. नाझारेनो नावाचा, अडुसष्ट वर्षांचा शेतकरी, बांधावर पोती टाकणाऱ्या स्वयंसेवकांतला एक. ओरेस्ते स्वयंपाकघरात बसून ऐकत होता. इलारिया तिथे होती हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो लिदियाला एवढंच म्हणाला, की उमाळ्याने बांध जातो तो बहुतेक वेळा माणसांच्या चुकीने जातो.

नऊ दिवसांनी इलारिया त्याच्या घरी आली. त्याने तिला पटकन ओळखलंच नाही. चेहरा ओढलेला, केस कसेतरी बांधलेले. लिदियाने तिला सूप गरम करून दिलं, त्याला तिने हात लावला नाही. ती इटालियनमध्ये बोलत होती आणि ओरेस्तेच्या ध्यानात आलं, या मुलीशी आपण आपल्या भाषेत आज पहिल्यांदा नीट बोलतोय.

"सर, मी तुम्हाला दोष द्यायला आले नाहीये," ती म्हणाली. "मला फक्त माझं कुठे चुकलं ते कळायला हवंय. चौकशी समितीने विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे."

मग तिने सगळं सांगितलं. सकाळी राखणदाराचा फोन आला, फोंतानाझ्झो फुटलाय म्हणून. हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. ती सगळं इंग्रजीतून शिकली होती, तिच्या डोक्यात त्याचं नाव दुसरंच होतं. पहिली दहा मिनिटं तो कशाबद्दल बोलतोय तेच तिला कळलं नाही. तिथे गेल्यावर बघितलं आणि ओळखलं. पोती आणि चिकणमाती मागवली आणि उमाळ्याच्या तोंडावर टाकायला लावली. खच्चून. अर्ध्या तासात पाणी थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"दीड तासाने ते बांधाच्या अगदी पायथ्याशी फुटलं," ती म्हणाली. "दहा पावलांवर. घागरीएवढं तोंड. तो माणूस तिथेच उभा होता. मी वर होते, तो खाली होता."

 ओरेस्तेला आता फक्त एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायची हिंमत होत नव्हती.

ते तिनेच काढलं. पिशवीतून वही काढली, खूण केलेलं पान उघडलं आणि त्याच्यासमोर सरकवलं. छापल्यासारखं अक्षर. तारीख, विषय, आणि खाली इंग्रजीत चार ओळी. उमाळा दिसल्यास तो ताबडतोब बंद करावा. पोत्यांनी. पूर्णपणे बंद करावा का, या प्रश्नाला प्राध्यापकांचं उत्तर: होय, पूर्णपणे.

शेवटच्या ओळीखाली तिने पट्टीने रेघ मारली होती.

"हे मी बरोबर उतरवलंय ना?" तिने विचारलं.

ओरेस्तेने वही बंद केली. पुन्हा उघडली.

"तू बरोबर उतरवलंस," तो म्हणाला. "मी चुकीचं बोललो."

 मग त्याने तिला आळं समजावून सांगितलं. टेबलावर ब्रेडचे तुकडे गोल मांडून सांगितलं. दोन मिनिटं लागली. ती मान हलवत ऐकत होती, आणि त्याचं संपल्यावर म्हणाली, "एवढंच होतं?" आणि मग ती रडायला लागली. लिदिया तिच्या शेजारी जाऊन बसली. ओरेस्ते ब्रेडचे तुकडे गोळा करत राहिला.

दुसऱ्याच दिवशी तो चौकशी समितीकडे गेला. समितीच्या अध्यक्षांनी त्याला मान देऊन बसवलं, अर्धा तास ऐकून घेतलं. शेवटी ते म्हणाले, की प्रोफेसर, चार वर्षांपूर्वीच्या एका तासातला एक शब्द आम्ही अहवालात कुठे घालणार? आम्ही मातीचे नमुने घेतो. भाषेचे नमुने घेत नाही. अहवालात असामान्य पर्जन्यमान असं येणार होतं आणि तसंच आलं. इलारियावर ठपका आला नाही. पण कोर्ते वेक्याच्या लोकांना अहवाल वाचायची गरज नव्हती, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिथून तो व्हेनिएरकडे गेला. हे तास इंग्रजीत ठेवू नका, निदान हा विषय तरी ठेवू नका, असं म्हणाला. व्हेनिएरने दार लावून घेतलं आणि त्याच्यासाठी पाणी मागवलं.

"मला वाईट वाटतंय, ओरेस्ते. मनापासून वाटतंय," तो म्हणाला. "पण ऐक. याच भाषेत डच लोक शिकवतात आणि त्यांचे बांध उभे आहेत. दोष इंग्रजीचा नाही. तुझ्या इंग्रजीचा आहे. तुला येत नव्हती, तर तू नाही म्हणायला हवं होतंस. ब्रुना म्हणाली."

 ओरेस्ते भांडायच्या तयारीने आला होता, पण समोरचा खरं बोलत होता. तो पाणी प्यायला, आभार मानले आणि उठला.

त्या महिन्यात त्याचा एक तास उरला होता. परवानगी न विचारता त्याने ठरवलं, आज आपल्या भाषेत बोलायचं. वर्गात साठ मुलं होती, त्यातली निम्म्याहून जास्त दूरदूरच्या देशांतून आलेली. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेली, गुणी मुलं. त्याने इटालियनमध्ये सुरुवात केली तशी ती एकमेकांकडे बघायला लागली. पण ओरेस्ते थांबला तो त्यांच्यामुळे नाही. तो थांबला कारण त्याला बोलताच येईना. इतकी वर्षं त्याने वर्गात या विषयाचं एकही वाक्य आपल्या भाषेत उच्चारलं नव्हतं. पहिलं वाक्य झालं, दुसरं अर्धं झालं, आणि पुढे घोकलेलं इंग्रजी आपोआप तोंडात यायला लागलं. ते ढकलून त्यामागची स्वतःची वाक्यं शोधायला गेला तर तिथे काही नव्हतं. जी गोष्ट वीस वर्षं तो कागदाशिवाय सांगायचा, जी ऐकायला कॉफीवाला दाराशी थांबला होता, ती गोष्ट त्याच्या तोंडातून कायमची गेली होती. तो फळ्याला पाठ लावून उभा राहिला. पुढच्या बाकावरच्या एका मुलाने फार नम्रपणे इंग्रजीत विचारलं, सर, आपण ठीक आहात का?

ठीक आहे, असं त्याने सांगितलं. इंग्रजीत. आणि तक्ते लावले.

डिसेंबरात तो कोर्ते वेक्याला गेला. शेतांवर अजून गाळ होता आणि घरांच्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीची पाण्याची रेघ. नाझारेनोची बायको, देल्फिना, अंगणात खुर्चीवर बसून भिजलेल्या खुर्च्यांचे पाय घासत होती. ओरेस्तेने आपलं नाव सांगितलं, मी प्राध्यापक आहे म्हणाला, त्या मुलीला मी शिकवलं म्हणाला. ती तिकडच्या बोलीत बोलत होती, ओरेस्तेच्या बापाची बोली.

"मग तुम्हीच ते," देल्फिना म्हणाली. घासणं तिने थांबवलं नाही.

त्याने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. आपल्याला शब्द आठवला नाही, आपण लाजलो, विचारलं नाही, होय म्हटलं. म्हातारी ऐकत होती. तिला सगळं कळलं की नाही, ते त्याला कळेना.

"माझ्या नवऱ्याला आळं ठाऊक होतं," ती शेवटी म्हणाली. "इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाराच्या सुमाराला तो घरी आला होता, मोजे बदलायला. शेवटी निघणाऱ्यांत मी होते, सामान बांधत होते. मी विचारलं, काय चाललंय तिकडे? तर म्हणाला, इंजिनीअरबाई उमाळा बुजवतेय. मी म्हटलं, अरे, मग सांग ना तिला. तर म्हणाला, सांगितलं. ती म्हणाली, मला विद्यापीठात प्रोफेसरनी असंच शिकवलंय."

तिने ब्रश पाण्यात बुडवला.

"मी म्हटलं, आणि तू गप्प बसलास? तर हसला. म्हणाला, अगं, प्रोफेसर आहेत ते. आपल्याला काय माहीत, नवीन काहीतरी निघालं असेल."

 ओरेस्ते क्षमा मागायची म्हणून आला होता, तेवढे शब्द त्याच्याकडे होते, पण त्या वाक्यानंतर ते काढायला जागाच उरली नाही. देल्फिनाने त्याला बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. एक खुर्ची घासून झाली तशी तिने दुसरी ओढली. थोड्या वेळाने शेजारची बाई रश्शाचं भांडं घेऊन आली आणि हे कोण, असं तिने नजरेनेच विचारलं.

"कोणी नाही," देल्फिना म्हणाली. "शहरातून आलेत."

इलारियाने फेब्रुवारीत नोकरी सोडली. तिला हॉलंडमध्ये काम मिळालं, कार्यालयात बसून नकाशे करायचं. जाण्याआधी तिने फोन केला होता. तिथे कसं जमेल विचारल्यावर ती म्हणाली, तिथे तरी सगळे एकाच भाषेत चुकतील. हे ती विनोदाने म्हणाली की कसं, ते ओरेस्तेला ओळखता आलं नाही.

विषय इंग्रजीतच राहिला. ओरेस्तेच्या जागी एक तरुण आला, तो चांगलं बोलतो, मुलं त्याच्यावर खूश आहेत. आळ्याचा इंग्रजी शब्द त्याला माहीत आहे आणि त्याचं चित्र त्याच्या तक्त्यात पहिल्याच पानावर आहे. ओरेस्तेने ते मुद्दाम जाऊन बघून घेतलं. बघितल्यावर बरं वाटायला हवं होतं.

जूनमध्ये तो निवृत्त झाला. निरोपसमारंभ नको म्हणाला. लिदियाची बहीण डोंगरात एका खेड्यात राहते, तिच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. तिथे ती दोघं राहायला गेली. नदीकाठच्या ओळखीच्यांना ते पटलं नाही, ज्याचा सगळा जन्म पोच्या काठी गेला तो माणूस तिकडे दगडांत काय करणार? पण जागा ठरवताना त्याने दुसरं काही बघितलंच नव्हतं. फक्त एवढंच विचारलं होतं, की जवळपास नदी नाही ना? मेव्हणी म्हणाली, नाही, उन्हाळ्यात तर प्यायच्या पाण्याचे हाल असतात.

तिथे तो फार बोलत नाही. गावातल्या लोकांना वाटतं, शिकलेला माणूस आहे, शिष्ट असेल. लिदियाला ठाऊक आहे. दुकानात पाव मागतानाही तो आधी क्षणभर थांबतो, मनातल्या मनात वाक्य एकदा म्हणून बघतो, आणि पुष्कळदा बोटानेच दाखवतो.